बेरीज जुळली, रकाना रिकामा : बी.ए.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात घडलेलं हे प्रकरण आहे. कला आणि वाणिज्य या दोनच शाखा, विज्ञान नाही. मी त्या महाविद्यालयाचा नाही. विषयांची समकक्षता ठरवणाऱ्या समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावलं होतं, म्हणून सगळे कागद वाचायला मिळाले. विद्यार्थिनीचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने लिहिलं आहे. मेंटॉर म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांना आणि प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना ते उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

मुलीला आपण सुनीता म्हणू. घरची अडीच एकर द्राक्षबाग, माल बहुतेक बेदाण्याला जाणारा. बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका मोठ्या शहरात मावशीकडे राहून तिने स्वायत्त महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत सगळे विषय सुटले. मे महिन्यात वडिलांचा ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडला. भाऊ दहावीत. ऑक्टोबरात फळछाटणी, पुढे फेब्रुवारीपासून बेदाण्याचा हंगाम. घरात एक हाताखालचं माणूस हवंच होतं. जूनमध्ये ती गावी परतली आणि तालुक्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागितला. विषय मराठी.

इथे नव्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे पालक अजून जुन्या बी.ए.च्या हिशोबानेच बोलतात. इंग्रजी सक्तीचं, तीन ऐच्छिक विषय आणि शेवटच्या वर्षी एक ‘स्पेशल’, एवढं मांडलं की पूर्वी बी.ए. समजायची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नवा आराखडा दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आला आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. आता विद्यार्थ्याला मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) सोडून बरंच काही पूर्ण करावं लागतं. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई, कौशल्याचे कोर्स, भाषांचे कोर्स, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग, कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, शिवाय एनएसएस-खेळ-सांस्कृतिकसारखे सहशालेय उपक्रम. अभ्यासाचं माप क्रेडिटमध्ये: एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास.

यातला कळीचा नियम ओईचा. ओई हा मेजर ज्या विद्याशाखेतला आहे तिच्या बाहेरचाच असला पाहिजे, असं शासन निर्णयात स्पष्ट आहे. आणि विद्याशाखा म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आर्ट्स-कॉमर्स-सायन्स नव्हेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र एकाच छपराखाली. पत्रकारिता किंवा ग्रंथालयशास्त्र चौथ्या छपराखाली. पुढचा सगळा घोळ या छपरांचाच आहे.

अडचण

प्रवेश ‘तात्पुरता’ म्हणून दिला गेला. टीसी, स्थलांतर प्रमाणपत्र, दोन गुणपत्रिका जमा झाल्या, पात्रतेचा अर्ज भरून घेतला. गुणपत्रिकेवर क्रेडिटांची बेरीज पुरेशी होती, तेवढी खिडकीवर पाहिली गेली. कुठला कोर्स कुठल्या सदरात बसतो हे पाहायचं राहिलं. त्या खिडकीवर एका दिवसात किती मुलं येतात हे ज्यांनी पाहिलंय ते कुणाला दोष द्यायच्या भानगडीत पडणार नाहीत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ओईचे फॉर्म भरून घेताना मराठीच्या मॅडमनी तिची जुनी गुणपत्रिका मागितली आणि तिथे गाडी अडली. पहिल्या सत्रातला तिचा ओई मानसशास्त्र होता, दुसऱ्या सत्रातला माध्यमांसाठी लेखन. तिच्या आधीच्या महाविद्यालयाने ‘आपल्या विभागाबाहेरचा कोणताही विषय’ असा ओईचा अर्थ लावलेला दिसत होता. मानसशास्त्र मराठीच्या विभागाबाहेरचं आहे, विद्याशाखेबाहेरचं नाही.

त्यामुळे एकूण क्रेडिट बरोबर, पण ओईच्या सदरात दोन क्रेडिट कमी. पदवीच्या वेळी तपासणी सदरवार होते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे निघालं असतं तर एका दोन क्रेडिटच्या पेपरसाठी पदवी अडकली असती. जुलैत निघालं हे तिचं नशीब. त्यातला बराचसा वाटा मॅडमच्या चिकाटीचा.

भरीस भर म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तिच्या खात्यावर पहिल्या वर्षाचं काहीच दिसत नव्हतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. नावं जुळली नाहीत की क्रेडिट खात्यात चढत नाहीत. हे दुखणं वेगळं होतं, पण पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी दोन्ही एकच समजून धावपळ केली. “डिजिलॉकरला नाव दुरुस्त झालं की सगळं येईल,” असं तिला दोन ठिकाणी सांगितलं गेलं. नाव दुरुस्त झालं, क्रेडिटही नंतर चढले. मानसशास्त्र मात्र होतं त्याच छपराखाली राहिलं.

समोरचे पर्याय

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. मराठी, इतिहास आणि वाणिज्यचे विभागप्रमुख, परीक्षा विभागाचे लिपिक आणि मी. सुनीता आणि तिचे वडील बाहेर बाकावर. वडिलांच्या पायाला अजून प्लॅस्टर होतं.

पहिला पर्याय लिपिकांनी मांडला, अगदी सद्भावनेने. “सर, बेरीज तर बसतेय. आपल्याकडच्या नोंदीत मानसशास्त्राला बाहेरच्या शाखेचा कोड टाकला की झालं. पोरीचं वर्ष कशाला अडवायचं?” यावर चर्चा झाली आणि ती वाटते तितकी सरळ नव्हती. इतिहासाच्या सरांचं म्हणणं असं की नियमाचा हेतू विद्यार्थ्याने आपल्या कुंपणाबाहेर पडावं हा आहे. कविता वाचणाऱ्या मुलीने प्रयोग, निरीक्षण, आकडेवारी असलेलं मानसशास्त्र शिकणं म्हणजे कुंपणाबाहेर पडणंच की. उलट माध्यमांसाठी लेखन हा कोर्स मराठीच्या विद्यार्थ्याला घरच्या अंगणातला, पण तो पत्रकारितेच्या अभ्यास मंडळाचा (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाचा), म्हणून चौथ्या विद्याशाखेचा, म्हणून चालतो. हा मुद्दा खोडून काढणं कुणालाच जमलं नाही. मलाही नाही. धोरणाच्या मजकुरात प्राचीन चौसष्ट कलांचा दाखला आहे, सर्जनशीलतेच्या भिंती पाडायच्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात भिंत कुठे आहे हे अभ्यास मंडळाच्या यादीवरून ठरतं.

तरीही कोड बदलायला मी विरोध केला आणि आजही करीन. तिच्या पहिल्या महाविद्यालयाचा निकाल त्यांच्या कोडसह विद्यापीठाकडे आणि क्रेडिट बँकेत आहे. आपल्या नोंदीत वेगळा कोड टाकला तर दोन ठिकाणी दोन नोंदी होतात आणि निस्तरायची वेळ आली की ती मुलगी एकटी पडते. तेव्हा बैठकीतलं कुणी तिच्यासोबत नसतं.

दुसरा पर्याय मानसशास्त्राची क्रेडिट मायनरकडे वळवण्याचा. मायनर त्याच विद्याशाखेतला चालतो, त्यामुळे कागदावर हे देखणं होतं. पण या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं जात नाही. पुढची मायनर क्रेडिट कुठून आणणार? दोन मिनिटांत बाद.

तिसरा पर्याय वडिलांनी आणला. त्यांना आत बोलावल्यावर ते म्हणाले, “सर, बाहेरून बीए केली तर काय फरक पडतोय? पदवी ती पदवीच की. मुक्त विद्यापीठाचं सेंटर हाय जवळ. रविवारी तास, बाकी घरचं काम बी होतंय.” नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं आहे आणि आमच्या भागातल्या शेकडो बायकांनी लग्नानंतर तिथूनच पदवी घेतली आहे. तेव्हा ‘बाहेरून’ या शब्दावर नाक मुरडण्याचं कारण नव्हतं. प्रश्न दोन होते. तिथेही पहिल्या वर्षाची क्रेडिट कशी धरतील हे नव्याने विचारावं लागलं असतं. आणि सुनीताला रोज कॉलेजात यायचं होतं. हे तिने बैठकीत सांगितलं नाही. मॅडमना नंतर जिन्यात सांगितलं. वडिलांसमोर ती फक्त “बघू या की अण्णा” एवढंच म्हणाली.

चौथा पर्याय: इथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वाणिज्यचा ओई बसून पूर्ण करायचा. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन तासिका. अडचण अशी की पहिल्या वर्षाच्या ओईची मंगळवारची तासिका आणि दुसऱ्या वर्षाच्या मराठी मेजरची तासिका एकाच वेळी. वाणिज्यचे सर म्हणाले, “वेळापत्रक लागलंय आता.” विषय तिथेच संपला. ही ओळ लक्षात ठेवा.

पाचवा पर्याय ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचाचा. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करता येतात, फक्त महाविद्यालयाची आधी मान्यता लागते. त्यावरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा आठ आठवड्यांचा कोर्स म्हणजे दोन क्रेडिट. शिकायला फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेव्हा १००० रुपये. बस नाही, तासिकांची टक्कर नाही, विद्याशाखा स्वच्छ बाहेरची. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले.

काय केलं

समितीने तीन गोष्टी केल्या. आधीच्या महाविद्यालयातून दोन्ही ओईचे अभ्यासक्रम शिक्क्यासह मागवले. माध्यमांसाठी लेखनाच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर अभ्यास मंडळ आणि विद्याशाखा छापलेली होती, त्यामुळे त्या दोन क्रेडिटांचा प्रश्न कायमचा मिटला. मानसशास्त्र ‘अतिरिक्त क्रेडिट’ म्हणून नोंदवायचं ठरलं. आणि उरलेल्या दोन क्रेडिटांसाठी स्वयंला लेखी मान्यता दिली.

कोर्स कुठला घ्यायचा, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला टप्पा. मुलांचा सल्ला ठरलेला असतो: मुलाखतीची तयारी, व्यक्तिमत्त्व विकास असलं काहीतरी सोपं घे आणि मोकळी हो. मॅडमनी तिला यादी दिली आणि घरी जाऊन वाचून ये म्हणाल्या. ती माती-पाण्याच्या विज्ञानाचा एक कोर्स निवडून आली. कारण विचारलं तर पिशवीतून प्रयोगशाळेचा एक कागद काढला. त्यांच्या बागेच्या माती परीक्षणाचा अहवाल होता. सामू, क्षारता, चुनखडी, सगळे आकडे आणि शेवटी खतांची शिफारस. “दरवर्षी येतो, अण्णा शेवटची ओळ वाचतात आणि ठेवून देतात. मला वरचे आकडे वाचायचेत.” मराठी मेजरच्या मुलीने विज्ञानाचा कोर्स का घ्यावा याचं इतकं सरळ उत्तर धोरणाच्या कुठल्या परिच्छेदात मी वाचलेलं नाही.

पण निवडीचं कारण चांगलं असलं म्हणून वाट सोपी होत नाही. व्याख्यानं इंग्रजीत. घरात स्मार्टफोन एक, संध्याकाळी तो भावाच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी. बागेत रेंज नाही. सुनीता पहाटे व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि बसमध्ये पाहायची. दर आठवड्याच्या असाइनमेंट तिने वेळेत भरल्या. रसायनाच्या सूत्रांशी अडलं तेव्हा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात काम करणाऱ्या कृषी पदवीधर चुलतभावाने मदत केली. ही मदत कुठल्याच योजनेत धरलेली नव्हती.

याच सत्रात तिला फील्ड प्रोजेक्टही होता, मेजरशी जोडलेला, दोन क्रेडिटचा. तिने बेदाणा बाजारातली बोली घेतली. तासगावच्या सौद्यांना वडिलांसोबत जायची सवय होतीच. शेडवरचे शब्द, रॅकवर माल टाकण्यापासून डिपिंग ऑइलपर्यंत, मग आडत्याच्या दुकानातले शब्द. ‘उधळण’ या एका शब्दावर तिने चार पानं लिहिली. सौद्याच्या वेळी बॉक्समधला माल हातात घेऊन पाहताना जो खाली सांडतो, त्याला बाजारात उधळण म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सरळ तूट. मॅडमनी तिला विचारलं, तूट किती? तिला सांगता येईना. मग ती वाणिज्यच्या सरांकडे वडिलांच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या, घेऊन गेली. वजन, तूट, हमाली, तोलाई असे एकेक रकाने सरांनी तिच्याकडून मांडून घेतले. वेळापत्रकाबद्दल ठाम असलेले हेच सर, पण पट्ट्या समोर आल्यावर दोन दुपारी तिच्याबरोबर बसले. तिसऱ्या सत्राच्या नियमित ओईत, बँकिंगच्या तासाला, त्यांनी त्यातली एक पट्टी फळ्यावर काढून सगळ्या वर्गाला समजावली.

ओईच्या सदरात याचं एकही क्रेडिट धरलं जात नाही. प्रोजेक्ट मराठीचा, दोन क्रेडिट फील्ड प्रोजेक्टच्या खात्यात. विद्याशाखांच्या भिंतीतून खरा आरपार प्रवास तिने केला तो इथे, असं माझं मत आहे.

निष्पत्ती

एनपीटीईएलची परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीस, केंद्र कोल्हापूर. फळछाटणी त्याच पंधरवड्यात. छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना (कोंब फुटतात त्या जागांना) पेस्ट लावायचं काम लगोलग करावं लागतं, ते पुढे ढकलता येत नाही. मजूर मिळेनात, वडील काठी टेकत बांधावर. परीक्षेआधीचे सहा-सात दिवस तिने बागेत काढले.

निकाल असा लागला: असाइनमेंटचे २५ पैकी २१, परीक्षेचे ७५ पैकी २७. बेरीज ४८. पण एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राला परीक्षेत स्वतंत्रपणे ७५ पैकी किमान ३० लागतात. तीन गुणांनी कोर्स गेला, १००० रुपयेही गेले. बेरीज बरोबर आणि रकाना रिकामा, हे तिच्या वाट्याला एकाच वर्षात दुसऱ्यांदा आलं. महाविद्यालयाच्या बाकी सगळ्या विषयांत ती चांगल्या गुणांनी पास होती. फील्ड प्रोजेक्टला विभागात सर्वांत जास्त गुण.

डिसेंबरात समिती पुन्हा बसली. मी फोनवर होतो. पुन्हा स्वयंला बसवावं असा पहिला सूर होता, जानेवारीचं सत्र सुरू होणारच होतं. पण त्या सत्राच्या परीक्षा एप्रिलमध्ये आणि मार्च-एप्रिल म्हणजे बेदाणा शेडवर ऐन गर्दी. मॅडमनी ते बोलून दाखवलं आणि मग अगदी साधा प्रश्न विचारला: दुसऱ्या वर्षाच्या मराठी मेजरला मुलं किती आहेत? नऊ. त्या नऊ जणांना विचारून मंगळवारचा तास हलवला तर?

विचारलं. आठ जणांना काहीच अडचण नव्हती. नववा मुलगा दुपारी पेट्रोल पंपावर कामाला जायचा. त्याने पंपावर बोलून अर्धा तास उशिराची वेळ मागून घेतली. तास हलला. सुनीता पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर उद्योजकतेच्या ओईला बसली, स्वतःच्या नियमित ओईखेरीज. चौथ्या सत्रात तिच्यावर दोन क्रेडिटचा जादा भार पडला. दोन्ही ओई तिने पूर्ण केले. ओईचं सदर भरलं. मानसशास्त्राची दोन क्रेडिट खात्यावर अतिरिक्त म्हणून दिसतात.

माती-पाण्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र नाही, पण परीक्षणाचा अहवाल आता ती वरून खाली वाचते. त्या वर्षीच्या अहवालातल्या क्षारतेच्या आकड्यावरून वडिलांशी तिचा वाद झाला, असं मॅडम सांगत होत्या. कोण जिंकलं ते विचारायचं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट वेळापत्रकाची. जुलैच्या बैठकीचं इतिवृत्त मी पुन्हा वाचलं. कोड बदलावा की नाही यावर दीड पान आहे. मंगळवारच्या टकरीवर एक ओळ: ‘वेळापत्रक निश्चित झाल्याने शक्य नाही.’ शासन निर्णयातला नियम वाकवता येईल का, याचा आम्ही कसोशीने विचार केला. आपल्याच फळ्यावर लावलेला कागद हलेल का, याचा केलाच नाही. नऊ मुलांना विचारायला डिसेंबरात जेवढा वेळ लागला तेवढाच जुलैत लागला असता आणि तो ओई तिसऱ्या सत्रातच संपला असता. मोठ्या महाविद्यालयात नऊशे मुलांचं वेळापत्रक हलवणं खरंच कठीण असतं. छोट्या महाविद्यालयाला पर्याय कमी, पण हलायला जागा जास्त असते. ती जागा वापरायची सवय आपल्याला नाही.

स्वयंचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. परीक्षेची तारीख आणि बागेचं कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिलं गेलं नाही, तिथे कच्चं राहिलं. द्राक्षपट्ट्यातल्या मुलांना ऑक्टोबर आणि मार्च हे दोन महिने अवघड जातात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. हजेरीच्या रजिस्टरात ते दरवर्षी दिसतं. तरी कोर्स सुचवताना तारीख कुणी तपासली नाही. उत्तीर्ण होण्याची अट सदरवार आहे, नुसत्या बेरजेवर नाही, हेही तिला निकालानंतर कळलं. मान्यतेच्या पत्रातच एक वाक्य जोडलं असतं तरी पुरलं असतं.

प्रवेशाच्या खिडकीबद्दल एक सूचना. बाहेरून दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याकडून गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक कोर्सच्या अभ्यासक्रमाचं पहिलं पान घ्यावं. विद्याशाखा आणि अभ्यास मंडळ तिथे लिहिलेलं असतं. गुणपत्रिकेवर नुसतं विषयाचं नाव असतं आणि नावावरून फसायला होतं. अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र या विषयांच्या बाबतीत तर हमखास, कारण ते एकाहून अधिक शाखांच्या मुलांना शिकवले जातात. क्रेडिट बँकेतल्या नावाची दुरुस्ती हे काम वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या फाइलवर असावं. दोन्ही एकत्र केल्याने इथे पंधरा दिवस वाया गेले.

वडिलांच्या बाबतीत मात्र मला रुखरुख आहे ती वेगळी. त्यांना बैठकीत बोलावलं, त्यांचा पर्याय ऐकला, नियम समजावले. मुलीला रोज कॉलेजात यायचं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिने सांगायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. प्लॅस्टर घातलेल्या बापासमोर, पाच शिक्षकांच्या देखत, ती कसं बोलणार होती? मुलीशी आधी एकटीशी दहा मिनिटं बोलणं, मग पालकांना आत घेणं, हा क्रम ठेवला असता तर मुक्त विद्यापीठाच्या पर्यायावरची चर्चा नियमांभोवती न फिरता मुद्द्यावर झाली असती. कदाचित त्यांनी तरीही बाहेरूनच कर म्हटलं असतं. पण मग तो निर्णय सगळं माहीत असताना घेतलेला असता.

आणि ओईचं काय? कला-वाणिज्य महाविद्यालयात मराठीच्या मुलांना बाहेरची शाखा म्हणजे वाणिज्य, एवढाच अर्थ उरतो. बँकिंग आणि उद्योजकता वाईट नाहीत, पण टोपलीत दोनच फळं असली की निवडीला अर्थ राहत नाही. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयाशी करार करून आठवड्यातला एक दिवस तिकडचे शिक्षक इकडे आणावेत, असं मी सुचवलं आहे. माती परीक्षण, पाणी परीक्षण, फळप्रक्रिया असे विषय या भागात ओईला चालतील. प्राचार्यांना कल्पना पटली. पुढच्या वर्षासाठी त्यांनी मंगळवार-गुरुवार दुपारी बाराची तासिका पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या ओईसाठी सामाईक ठेवली आहे, त्या वेळी दुसरा कुठलाही वर्ग नाही. बाहेरून येणाऱ्या शिक्षकांचे तास कुठल्या महाविद्यालयाच्या कार्यभारात धरायचे, यावर दोन्हीकडचे कार्यालयीन अधीक्षक अजून पत्रव्यवहार करताहेत.